खोड आणि फांद्या : अंबरातील परजीवी गांधीलमाश्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंगी, मधमाशी आणि वळचणीला पोळे लावणारी गांधीलमाशी या तिघींचा समान पूर्वज परजीवी होता. दुसऱ्या कीटकाच्या अंगावर किंवा अंगात अंडे घालायचे, अंड्यातून निघालेल्या अळीने त्या कीटकाला जिवंतपणी खात वाढायचे आणि आपली वाढ पुरी होता होता त्याचा शेवट करायचा, ही त्या पूर्वजाची रीत. मुंगीकडून उद्योगीपणा शिकावा असे आपण मुलांना सांगतो आणि मधाला पंचामृतात मान देतो. त्यामुळे या दोघींचे घराणे अशा पूर्वजापाशी जाऊन मिळते हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. पण वंशवृक्ष तेच सांगतो. या कुळकथेत परजीवीपणा ही आडबाजूला फुटलेली फांदी नाही. ते खोड आहे, आणि मुंग्या-मधमाश्या या त्यावर बऱ्याच उशिरा आलेल्या फांद्या आहेत. हे पुस्तक त्या खोडाविषयी आहे आणि त्याचा मुख्य पुरावा आहे झाडांच्या राळेत अडकून, ती राळ घट्ट होऊन बनलेल्या अंबरात कोट्यवधी वर्षे टिकलेले कीटक.

गांधीलमाशी म्हटले की डंख आणि सूज आठवते. ज्यांची ओळख इथे करून द्यायची आहे, त्या परजीवी गांधीलमाश्या मात्र माणसाला सहसा डसत नाहीत, आणि डोळ्यांसमोरून गेल्या तरी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या हायमेनोप्टेरा या कीटकगणात आजवर दीड लाखाच्या आसपास जातींची नोंद झाली आहे, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक परजीवी आहेत. काही जातींच्या माद्या शरीराहून लांब अशी अंडी घालायची नळी मागे मिरवतात. उलट मेगाफ्रॅग्मासारख्या काहींचे सबंध शरीर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे, म्हणजे एकपेशीय पॅरामेशियमएवढे असते. तेवढ्यात डोळे, पंख, पाय, मेंदू सगळे बसवलेले असते. जागा वाचवण्यासाठी त्यांच्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशींनी आपले केंद्रकच टाकून दिले आहे.

माळव्यातल्या शेतकऱ्याला त्या अगदीच परक्या नाहीत. सोयाबीनच्या पानाखाली पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाने अंड्यांचा पुंजका घातला, की टेलेनोमस नावाची, मिलिमीटरभरही नसलेली काळी गांधीलमाशी वासावरून त्याचा माग काढत येते. पुंजक्यावर फिरत ती एकेका अंड्यात आपले अंडे ठेवते. मग त्या अंड्यातून पानखाऊ अळी निघत नाही, नवी गांधीलमाशी निघते. ट्रायकोकार्ड हा त्याच तत्त्वाचा बाजारात मिळणारा प्रकार. तांदळावरच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी कार्डावर चिकटवलेली असतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा या परजीवी गांधीलमाशीने आपली अंडी घातलेली असतात. अंडी काळी पडली की कार्ड तयार झाले असे समजायचे आणि त्याचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूला टाचायचे. पपईवरच्या पिठ्या ढेकणाने २००८ पासून दक्षिण भारतात आणि पुढे महाराष्ट्रात बागा उजाड केल्या, तेव्हा २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस पपाये या परजीवी गांधीलमाशीनेच त्याला आवर घातला. शेतीशास्त्र यांना मित्रकीटक म्हणते. अंबराचा अभ्यासक त्यांच्याकडे आणखी एका कारणासाठी पाहतो. टेलेनोमस ज्या सेलिओनिडी गटातली, त्या गटाच्या अंडपरजीवी माश्या दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात सर्वांत जास्त सापडणाऱ्या गांधीलमाश्यांपैकी आहेत.

मराठी वाचकाला या जगाची एक ओळख आधीपासून आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे हा दृष्टांत मराठी घराघरांत पोचला: कुंभारणीने कोंडलेली अळी तिचाच ध्यास घेऊन शेवटी तिचेच रूप होते. दृष्टांताचे प्रयोजन अध्यात्माचे आहे आणि ते तिथे योग्यच आहे. पण त्यामागचे निरीक्षण किती बारकाईचे आहे ते पाहावे. कुंभारीण खरोखरच अळी आणते, ती अळी मेलेली नसते, घर लिंपून बंद होते आणि काही दिवसांनी आतून कुंभारीणच बाहेर येते. मधला दुवा डोळ्यांआड राहतो. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते आणि घर बंद करण्यापूर्वी आत आपले अंडे ठेवते. त्यातून निघालेले पिल्लू ताज्या अन्नावर वाढते. परजीवी पूर्वजापासून शिकारी गांधीलमाशी कशी घडली, याचा नमुना आपल्या भिंतींवर आजही बांधला जातो आहे.

डंखाची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण उत्क्रांतीचा सारा युक्तिवाद त्या एका अवयवाभोवती फिरतो. या गणातल्या सर्वांत जुन्या वळणाच्या माश्या वनस्पती खातात. मोहरीची पाने कुरतडणाऱ्या अळ्यांची करवत माशी त्यांतलीच. तिची अंडी घालायची नळी करवतीसारखी असते आणि ती पानात चीर पाडून अंडे ठेवते. पुढे काही गटांत ही नळी लाकडात भोक पाडण्याइतकी कणखर झाली. लाकडात भुंग्यांच्या अळ्या असतातच. लाकडाऐवजी अळीच्या अंगावर अंडे ठेवले, तर पिल्लाला लाकडापेक्षा कितीतरी सकस आहार मिळतो. या टप्प्यावरचे एक कूळ आजही टिकून आहे: ओरुसिडी. त्याची मादी खोडावर मिशांनी टकटक करते, आत पोकळी असेल तर परत येणारी कंपने पुढच्या पायांनी टिपते आणि शरीरात गुंडाळून ठेवलेली लांबलचक नळी लाकडात उतरवते.

या ओरुसिडींना गांधीलमाशीची ती प्रसिद्ध बारीक कंबर नसते. हा तपशील लहान दिसला तरी निर्णायक आहे. कंबर नसलेला ओरुसिडींचा गट आणि कंबर असलेल्या सर्व गांधीलमाश्या एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत, आणि परजीवीपणा दोन्हीकडे आहे. म्हणजे परजीवीपणा आधी आला आणि कंबर नंतर आली. कंबरेमुळे पोटाचा मागचा भाग हवा तसा वळवता येऊ लागला, नळीची दिशा साधता येऊ लागली आणि लपलेल्या यजमानापर्यंत, म्हणजे ज्याच्यावर अंडे घालायचे त्या कीटकापर्यंत, पोचणे सोपे झाले. त्यानंतर एका शाखेत नळीने अंडे घालायचे काम सोडले आणि ती फक्त विष टोचू लागली. तोच डंख. म्हणून डंख फक्त माद्यांना असतो. मुंग्या आणि मधमाश्या या डंखवाल्या शाखेतल्या आहेत.

हा क्रम आज कुणी जिवंत पाहू शकत नाही. तो तीन साक्षीदारांच्या जबान्या जुळवून उभा केलेला आहे, आणि तिघांची ताकद वेगवेगळी आहे.

पहिला साक्षीदार दगड. मध्य आशियातल्या मादिगेन इथल्या ट्रायासिक थरांत या गणाचे सर्वांत जुने जीवाश्म मिळाले आहेत. ते सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे असून वनस्पतींवर जगणाऱ्या, कंबर नसलेल्या माश्यांचे आहेत. ज्युरासिक काळात एफिअल्टिटिडी या नामशेष कुळाचे ठसे दिसू लागतात: कंबर आलेली, मागे लांब नळी, म्हणजे लपलेल्या अळ्या शोधणारी गांधीलमाशी. मॉस्कोच्या अलेक्झांडर रास्नित्सिन यांनी कझाकस्तानच्या कारातावसारख्या ठिकाणच्या ठशांवरून या गणाचा पूर्वेतिहास मांडण्यात उभे आयुष्य घातले. पण दगडातला ठसा चपटा असतो. मिशीचे सांधे, पायावरचे काटे, नळीची टोके त्यात बहुधा हरवलेली असतात.

दुसरा साक्षीदार जनुके. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १७३ जातींची ३,२५६ जनुके ताडून पाहिली गेली. त्यावरून हायमेनोप्टेरा गणाचा उगम सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी आणि परजीवीपणाचा उगम सुमारे २४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी निघतो, आणि तोही एकदाच, एकाच पूर्वजात. जनुकांनी आणखी एक नवल दाखवले. ब्रॅकोनिडी कुळातल्या काही गांधीलमाश्यांनी सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या जनुकसंचात कायमचा सामावून घेतला. अंड्याबरोबर त्याचे कण यजमान अळीच्या अंगात सोडून त्या आजही तिची प्रतिकारशक्ती मोडतात. असे काही कोणत्याही जीवाश्मात दिसणार नाही. पण जनुकांना एक मर्यादा आहे: जी कुळे नामशेष झाली त्यांच्याविषयी ती एक शब्दही बोलत नाहीत.

तिसरा साक्षीदार अंबर. त्याच्या बाजूने बोलताना आधी त्याची मर्यादा सांगायला हवी. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांतल्या २३ कोटी वर्षांच्या अंबरात माइट आणि एक माशी सापडल्या आहेत, पण कीटकांनी भरलेले अंबर सुरू होते ते लेबनॉनपासून, सुमारे १२ ते १३ कोटी वर्षांपूर्वी. परजीवीपणाचा उगम त्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा अंबर या कथेचा आरंभ दाखवत नाही. ते दाखवते मधला काळ, जेव्हा खोडाला भराभर फांद्या फुटत होत्या, आणि तो इतक्या जवळून दाखवते की पायावरचा एकेक केस मोजता यावा. लेबनॉननंतर स्पेनमधील आलावा, म्यानमारमधील काचिन, अमेरिकेतील न्यू जर्सी, कॅनडातील ग्रासी लेक, मग सुमारे साडेतीन ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे बाल्टिक आणि शेवटी सुमारे दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे डोमिनिकन अंबर अशी ही साखळी आहे. तिच्यात क्रिटेशस काळाची सर्फिटिडी, स्टिग्माफ्रोनिडी, मायमेट्शिडी अशी कुळे भेटतात, ज्यांचे आज कुणीही वारस नाहीत. फक्त आजच्या जिवंत माश्या पाहून काढलेला वंशवृक्ष किती अपुरा असतो, हे त्यांच्यामुळे कळते.

या नामशेष कुळांतले एक उदाहरण जवळून पाहू. २०२५ मध्ये काचिनच्या सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अंबरातून सायरेनोबेथिलस कॅरिब्डिस या गांधीलमाशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. सोळा माद्या मिळाल्या. त्यांच्या पोटाच्या टोकाला झडपांची चिमटीसारखी उघडझाप करणारी रचना आहे आणि खालच्या झडपेवर ताठ, लांब केसांची रांग. सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये वेगवेगळ्या माद्यांत ही झडप वेगवेगळ्या कोनांत उघडलेली दिसली, म्हणजे ती हलती होती. कीटकभक्षी व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानाशी तिचे विलक्षण साम्य आहे. मादी या सापळ्यात यजमान कीटक धरून ठेवत असावी, त्यावर अंडे घालत असावी आणि मग त्याला सोडून देत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आजच्या हजारो परजीवी जातींपैकी एकीकडेही असा अवयव नाही. निसर्गाने ही युक्ती करून पाहिली आणि ती नाहीशी झाली. अंबर नसते तर ती कुणाच्या कल्पनेतही आली नसती.

काचिनच्या अंबराचा इतिहास आपल्याशी जोडलेला आहे. १८९० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रिट्झ नोएटलिंग यांनी हुकॉंग खोऱ्यातल्या या अंबराची पाहणी केली आणि ते मायोसीन काळाचे, म्हणजे बऱ्याच अलीकडचे ठरवले. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. मंडालेच्या आर. सी. जे. स्विन्हो यांनी पाठवलेल्या तुकड्यांतले कीटक टी. डी. ए. कॉकरेल यांनी १९१६ पासून वर्णिले, आणि ते कीटक इतके जुन्या वळणाचे दिसले की हे अंबर क्रिटेशस काळाचे असावे अशी शंका त्यांनी तेव्हाच मांडली. खडकाचे वय कीटकांनी सुचवले, आणि जवळजवळ शतकानंतर खडकातल्या झिरकॉन या खनिजाच्या मापनाने त्यांचा अंदाज खरा ठरला. याच अंबराची दुसरी बाजूही विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. काचिनमधील सशस्त्र संघर्षात या खाणींचा पैसा गुंतलेला आहे. २०१७ मध्ये लष्कराने तिथला ताबा घेतल्यानंतर आलेल्या नव्या नमुन्यांवर संशोधन थांबवावे, असे आवाहन पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये केले. नमुना कुठून आला, कुणी खणला आणि त्याचे मोल कुणाच्या हाती पडले, हे प्रश्न या शास्त्राच्या आत येतात, बाहेर नाहीत.

आपल्या भूमीवरचे अंबर गुजरातेत आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर इथल्या लिग्नाइट खाणी, हे पुस्तक जिथे लिहिले त्या इंदूरहून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटरवर, नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेला दख्खनचा काळा पाषाण आपल्या पायाखाली आहे. तोच पश्चिमेकडे खंबायतच्या खोऱ्याचा तळ होतो. त्या तळावर कोटीहून अधिक वर्षांनी सदाहरित जंगल उभे राहिले आणि त्याच्या राळेत, पाच कोटी वर्षांहून आधी, कीटक अडकले. २०१० मध्ये येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील हुकम सिंह, अशोक साहनी, डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांचे सहकारी यांनी या अंबरातील ७०० हून अधिक कीटक-कोळी प्रसिद्ध केले. त्यांत १४ गण आणि ५५ हून अधिक कुळे होती. भारत कोट्यवधी वर्षे बेट होता, तेव्हा इथले कीटक इतर जगाहून तुटलेले असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचे सोयरे आशिया आणि युरोपातही निघाले. भारतीय भूखंड आशियाला पूर्ण भिडण्याच्या सुमारासच, कदाचित बेटांच्या माळेवरून, ये-जा सुरू झाली होती.

ही राळ कोणत्या झाडांची तेही रसायनशास्त्राने सांगितले: सालवृक्षाच्या कुळातली. धूप म्हणून आपल्या घरात जळणारी राळ सालाचीच, आणि अमरकंटकला नर्मदा उगम पावते ती सालवनातूनच. एकाच नदीच्या उगमापाशी या कुळाची झाडे आज उभी आहेत आणि मुखाच्या प्रदेशात त्याच कुळाची कोट्यवधी वर्षांपूर्वीची राळ खाणीतून निघते आहे. खंबायतच्या या राळेचा एक गुण अभ्यासकाला फार उपयोगी पडतो. ती पुरती घट्ट झालेली नाही, योग्य द्रावकात विरघळते. त्यामुळे तुकडा विरघळवून आतला कीटक सबंध बाहेर काढता येतो आणि त्याचे कवच थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते. बाल्टिक अंबरात हे शक्य नाही.

इतर अंबराला क्ष-किरणांचा आधार घ्यावा लागतो. फ्रान्समधील शारांत इथल्या अपारदर्शक अंबराचे ६४० तुकडे ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, तपासले गेले, तेव्हा बाहेरून काळ्या खड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या तुकड्यांत ३५६ प्राणी सापडले. त्यांत गांधीलमाश्याही होत्या. आपल्या देशातले सिंक्रोट्रॉन किरणांचे दोन्ही स्रोत, इंडस-१ आणि इंडस-२, इंदूरलाच राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. इंडस-२ च्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी सूक्ष्म प्रतिमा घेण्याची सोय तिथे आहे. अंबर शेजारच्या राज्यात आणि किरण आपल्या शहरात, अशी जोड जगात फार थोड्या ठिकाणी असेल. प्राणिशास्त्र, भूशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी ही जोड आपली मानावी, यासाठीही हे पुस्तक लिहिले आहे.

काही सावधगिरीच्या सूचना. लंडनच्या संग्रहालयात अनेक दशके बाल्टिक अंबरातली म्हणून जपलेली एक माशी १९९३ मध्ये बनावट निघाली. खऱ्या अंबरात खाच करून आजची माशी बसवली होती. सुंदर नमुना समोर आला की आधी तो तपासावा. अंबरातून प्राचीन डीएनए मिळाल्याचे १९९० च्या दशकातले दावे पुढे कुणालाही पुन्हा सिद्ध करता आले नाहीत. त्या वाटेने जाऊ नये. राळेत लहान कीटक जास्त अडकतात, मोठे निसटतात. त्यामुळे अंबरातली गर्दी म्हणजे जंगलातली गर्दी नव्हे. आणि अंबरातली गांधीलमाशी कुणाची परजीवी होती, हे बहुधा तिच्या आजच्या नातलगांवरून ठरवावे लागते. प्रत्यक्ष पुरावा किती दुर्मिळ असतो ते फ्रान्समधील केर्सीच्या दगडी झालेल्या माश्यांच्या कोषांवरून दिसते. २०१८ मध्ये असे १,५१० कोष क्ष-किरणांखाली पाहिले गेले, तेव्हा ५५ कोषांत परजीवी गांधीलमाशी सापडली.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात शरीररचना आणि जिवंत कुळांची ओळख, दुसऱ्यात अंबराचे साठे, त्यांची वये आणि तपासणीच्या पद्धती, तिसऱ्यात उगमाचा प्रश्न आणि त्यावरचे मतभेद. घाई असलेल्या वाचकाला तिसरा भाग आधी वाचावासा वाटेल. तरी पहिला टाळू नये. एम. एस. मणी आणि टी. सी. नरेंद्रन यांनी भारतातल्या परजीवी गांधीलमाश्यांवर केलेले काम जिवंत नमुन्यांवर उभे आहे, आणि अंबराचा प्रत्येक विश्वासार्ह अभ्यास त्याच पायावर उभा असतो. जिला आजची सेलिओनिडी ओळखता येते, तीच विद्यार्थिनी दहा कोटी वर्षांपूर्वीची ओळखू शकेल. त्यासाठी लागते एक भिंग, पावसाळ्यातले शेत आणि पानाची खालची बाजू पाहण्याची सवय.

या क्षेत्रात दरवर्षी नवी कुळे वर्णिली जातात, जुनी नाती मोडतात, वये पुढे-मागे होतात. इथली काही विधाने पुढच्या आवृत्तीत बदलावी लागतील, आणि ती बदलायला लावणारा पुरावा खंबायतच्या राळेतून, एखाद्या मराठी वाचकाच्या हातून यावा, ही या पुस्तकामागची खरी इच्छा आहे.

इंदूर